निपुत्रिक : एका शब्दाचा आणि एका तपासणीचा इतिहास



या व्याख्यानमालेत ग्वाल्हेरच्या इतिहासावर पूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे. शिंद्यांच्या लढाया, तहनामे, छत्र्या, इथले गाणे, इथल्या शाळा यांवर जाणकारांनी आपल्यापुढे विचार मांडले आहेत. मी आज त्याच इतिहासातला एक शब्द घेऊन आले आहे. तो शब्द म्हणजे ‘निपुत्रिक’. संस्थानांच्या इतिहासात तो वारंवार भेटतो. कोणी राजा किंवा सरदार निपुत्रिक वारला, मग दत्तकविधान, मग भाऊबंदकी, कधी कधी लढाई. आपण हा शब्द वाचतो आणि पुढे जातो. पण त्याच्यापाशी जरा थांबून एक साधा प्रश्न विचारावा : मूल का झाले नाही, आणि ते कोणामुळे झाले नाही, हे कोणी पाहिले होते का?

विषय घरगुती आहे, थोडा संकोचाचाही आहे. पण या सभागृहातल्या बहुतेकांच्या वंशावळीत एखादी तरी फांदी मध्येच थांबलेली असेल, आणि त्या फांदीशी एखाद्या बाईचे दुःख बांधलेले असेल. तेव्हा संकोच बाजूला ठेवून बोललेले बरे.

एक गादी आणि तीन परके वारस

सुरुवात घरापासून करू. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांना मुलगा नव्हता. भावाचे नातू दौलतराव गादीवर आले. पुढे महादजींच्या विधवांशी त्यांचा जो कलह पेटला, तो शिंद्यांच्या बायांचे बंड म्हणून आपण वाचलेला आहे. दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. बायजाबाईंनी मुगुटराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, तेच जनकोजीराव. ७ फेब्रुवारी १८४३ रोजी जनकोजीराव वारले आणि पुन्हा तोच प्रसंग आला. त्यांच्या विधवा ताराबाई यांच्या मांडीवर भगीरथराव हा मुलगा दत्तक दिला गेला, तेच जयाजीराव. राजा लहान, राणीही लहान. मग कारभार कोणी पाहायचा? मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात ओढाताण झाली, इंग्रजांनी त्यात हात घातला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पन्निहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. पुढे २० ऑक्टोबर १८७६ रोजी जयाजीरावांना माधवराव झाले आणि १८८६ मध्ये ते गादीवर बसले. म्हणजे महादजींच्या मृत्यूनंतर बापामागून पोटचा मुलगा गादीवर बसण्यास ९२ वर्षे लागली.

आता या तीन ‘निपुत्रिक’ पुरुषांकडे वैद्याच्या नजरेने पाहू. महादजींना बाळाबाई नावाची मुलगी होती, ती शितोळ्यांच्या घरात दिली होती. दौलतराव आणि बायजाबाई यांनाही मुली झाल्या होत्या. म्हणजे हे दोघे निपुत्रिक होते, निःसंतान नव्हते. त्यांना मूल होत होते. गादीला चालेल असे मूल झाले नाही, एवढेच. तिसरी गोष्ट ताराबाईंची. पती वारले तेव्हा त्या अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्या वयात मूल नसण्याला रोग म्हणावे असे काही नाही. रोग असेलच तर तो लग्नाच्या वयाचा.

जवळच्या झाशीचे उदाहरण घ्या. राणी लक्ष्मीबाईंना १८५१ मध्ये मुलगा झाला होता. तो काही महिन्यांतच गेला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्या दिवशी त्यांनी आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव दिले होते. इंग्रजांनी ते दत्तक मानले नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. पुढे काय झाले ते सांगायला नको. त्या बाईंची समाधी आपल्याच शहरात आहे. इथेही पती-पत्नीला मूल झाले होते. ते जगले नाही, हा त्या काळच्या बालमृत्यूचा प्रश्न होता.

बडोद्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. खंडेराव गायकवाड १८७० च्या नोव्हेंबरात वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. मल्हाररावांना गादीवर बसवले, पण अटीवर : जमनाबाईंना मुलगा झाला तर गादी त्याची. सारे संस्थान एका बाळंतपणाकडे डोळे लावून बसले. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली आणि मल्हारराव कायम झाले. मुलगी धडधाकट होती, आई सुखरूप होती, तरी राज्याच्या हिशेबी त्या बाळंतपणाची किंमत शून्य. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाल्यावर जमनाबाईंनी २७ मे रोजी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज.

या सर्व गोष्टींतून एक सरळ निष्कर्ष निघतो. ‘निपुत्रिक’ हे वैद्यकीय निदान नव्हते, तो वारसाहक्काचा शब्द होता. ज्याला मूलच होत नाही तो, ज्याची मुले जगत नाहीत तो आणि ज्याला मुलीच होतात तो, हे तिघे त्या एका शब्दात कोंबलेले होते. लॉर्ड डलहौसीने तोच शब्द उचलला. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी व नागपूर ही राज्ये त्याच कारणाने गेली. पुढे १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या, तेव्हा राजकारणातून या शब्दाची धार गेली. घरातून मात्र ती गेली नाही.

शब्द कोणाच्या वाट्याला आले

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक नियम आहे. वंध्या बायकोवर आठव्या वर्षी, जिची मुले मरतात तिच्यावर दहाव्या वर्षी आणि जिला मुलीच होतात तिच्यावर अकराव्या वर्षी दुसरी बायको करावी. म्हणजे ‘निपुत्रिक’ शब्दात कोंबलेल्या तिन्ही गोष्टी स्मृतिकाराने वेगवेगळ्या ओळखल्या होत्या. उपाय मात्र तिन्हींवर एकच : दुसरी बायको. तीच बायको ठेवून नवरा तपासावा, असे त्या श्लोकात नाही.

आपल्या भाषेने हेच पुढे चालवले. वांझ, वांझोटी, वंध्या हे शब्द बाईचे. एकच मूल होऊन पुढे न झालेली ती काकवंध्या. जिची मुले जगत नाहीत ती मृतवत्सा. इतके बारीक भेद करणाऱ्या आपल्या भाषेत, ज्याच्या बीजात दोष आहे अशा पुरुषासाठी रोजच्या बोलण्यातला एकही शब्द नाही. नपुंसक, षंढ हे शब्द आहेत, पण ते शिवीचे आहेत आणि त्यांचा रोख समागमाच्या असमर्थतेवर आहे. चांगला धट्टाकट्टा, संसार करणारा पुरुष, पण त्याच्या वीर्यात शुक्राणू नाहीत, ही अवस्था सांगायला आपल्याकडे शब्दच नव्हता. ज्याला शब्द नाही त्याचा संशय येत नाही, आणि संशय नाही तर तपासही होत नाही.

आपल्या पूर्वजांना हे माहीतच नव्हते, असे म्हणून मात्र त्यांना सोडून देता येणार नाही. सुश्रुताने गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असे सांगितले : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतकऱ्याला पटेल अशी ही मांडणी आहे. हंगाम हवा, जमीन हवी, पाणी हवे आणि बियाणेही हवे. चरकाने बाईच्या योनिरोगांचे वीस प्रकार सांगितले, तसे शुक्राचे आठ दोष सांगितले आणि पुरुषाच्या क्लैब्याचे चार प्रकारही सांगितले. त्यांत बीजच बिघडल्याने येणारे क्लैब्य वेगळे धरले आहे. वाजीकरणाच्या प्रकरणात मूल नसलेल्या पुरुषाला तो सावली न देणाऱ्या, एकाच फांदीच्या झाडाची उपमा देतो. उपमा कठोर आहे, पण ती पुरुषाला दिलेली आहे हे लक्षात घ्या.

धर्मशास्त्रातही दुसरा सूर होता. नारदस्मृतीत लग्नाआधी वराच्या पुरुषत्वाची परीक्षा करावी असे सांगून दोषी पुरुषांचे चौदा प्रकार दिले आहेत. काहींच्या बाबतीत वाट पाहावी, काहींच्या बाबतीत बायकोने त्याला सोडावे, असे तो म्हणतो. ज्याच्याजवळ बीज नाही त्याला क्षेत्रावर हक्क नाही, हा त्याचा तर्क. स्त्रीला शेत मानण्याची ती दृष्टी आज आपल्याला रुचणार नाही. पण बियाणे तपासा, एवढे तरी त्यात होते. आपल्या घरांनी मनूचा आठव्या वर्षाचा नियम लक्षात ठेवला आणि नारदाची परीक्षा विसरून टाकली. ग्रंथांत दोन्ही होते. निवड आपली होती.

मग घरात काय झाले, ते वडीलधाऱ्या बायकांकडून आपण ऐकलेले आहे. पिंपळाच्या प्रदक्षिणा, सोळा सोमवार, नवस, त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी. डोहाळजेवणाला तिला बोलवायचे नाही, बारशाला पाळण्याजवळ उभे करायचे नाही, ओटी भरायला पुढे घ्यायचे नाही. आठ-दहा वर्षे अशी काढल्यावर सवत यायची. सवतीलाही मूल झाले नाही, तर तिसरी. एकाच पुरुषाच्या दोन-तीन बायकांना मूल झाले नाही, तर कोणत्याही शेतकऱ्याने बियाण्यावर संशय घेतला असता. वंशावळी लिहिणाऱ्या कारकुनांनीही त्या नोंदी ओळीने लिहिल्या, पण कोणाला तो संशय आला नाही. आला असेल तरी तो कागदावर उतरला नाही.

तपासणी कोणाची झाली

युरोपातही फार वेगळे नव्हते, हे सांगितले पाहिजे. हॉलंडच्या लेवेनहुक यांनी १६७७ मध्ये स्वतः घासलेल्या भिंगांतून शुक्राणू पाहिले. तरी मूल न होणाऱ्या जोडप्यात नवऱ्याचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, हा विचार दवाखान्यात यायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. अमेरिकेतले मॅरियन सिम्स यांनी १८६६ च्या आपल्या ग्रंथात तो आग्रहाने मांडला. तेही नमुना घेत तो समागमानंतर बायकोच्या शरीरातून. नवऱ्याला तपासणीच्या टेबलापर्यंत आणणे त्यांनाही अवघडच होते. या सिम्स यांनी आपल्या सुरुवातीच्या शस्त्रक्रिया गुलाम स्त्रियांवर, भूल न देता केल्या, हेही इतिहासात नोंदलेले आहे. स्त्रीरोगशास्त्र म्हणून जे उभे राहिले, त्याचा पाया असा आहे.

१८७२ मध्ये नोगेराथ या न्यूयॉर्कच्या जर्मन वैद्याने एक विचार मांडला. नवऱ्याला लग्नापूर्वी झालेला आणि बरा झाला असे वाटणारा परमा त्याच्या शरीरात लपून राहतो, बायकोला लागतो आणि तिच्या गर्भनलिका बंद करतो; वांझ म्हणून ज्या बायका येतात त्यांतल्या अनेकींचे दुखणे असे नवऱ्याकडून आलेले असते. सहव्यवसायिकांनी त्यांना वेड्यात काढले. १८७९ मध्ये नायसर यांनी परम्याचा जंतू दाखवला, तेव्हा लोक हळूहळू मानू लागले. त्याच सुमारास हिंदुस्थानात १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा चालू होता. छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून कायद्याने सक्तीची तपासणी ठरवली ती वेश्यांची. रोग दोघांचा, तपासणी एकीची. राजवाडा असो, छावणी असो वा चाळ, नियम तोच.

विसाव्या शतकात निदानाला वेग आला. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून दाखवले की नर की मादी हे नराच्या बीजातल्या गुणसूत्रावरून ठरते. माणसातही तसेच आहे. ‘मुलीच होतात’ म्हणून सवत आणणाऱ्या मनूच्या त्या अकराव्या वर्षाचा आधार त्या दिवशी संपला. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कचे रुबिन यांनी गर्भाशयात वायू सोडून नलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्याची रीत काढली. तोवर पोट उघडल्याशिवाय ते कळत नसे. पुढे रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांचे छायाचित्र घेऊ लागले. १९२४ मध्ये जपानचे ओगिनो आणि नंतर ऑस्ट्रियाचे क्नाऊस यांनी दाखवले की बीजांड पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटते. एकोणिसाव्या शतकातले अनेक युरोपीय डॉक्टर ते पाळीच्या दिवसांत सुटते असे समजत आणि सल्लाही तसाच देत. आपल्याकडच्या ग्रंथांतला ऋतुकाल पाळी संपल्यानंतरच्या दिवसांचा होता, तो खऱ्याच्या जास्त जवळ होता. १९२९ मध्ये मॅकोंबर आणि सँडर्स यांनी शुक्राणूंची संख्या मोजून तिचा गर्भधारणेशी संबंध लावला. म्हणजे पुरुषाकडच्या कारणाला आकडा मिळाला त्याला आता शंभर वर्षे होत आली.

आपल्याकडे त्याच काळात स्त्रियांसाठी दवाखाने उभे राहत होते. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. परपुरुषाला नाडी दाखवायलाही न धजणाऱ्या बायकांसाठी बाई डॉक्टर मिळाली, हे फार मोठे काम झाले आणि असंख्य बायका त्यामुळे वाचल्या. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की मूल न होण्याचा प्रश्न बायकांच्या दवाखान्यात गेला आणि तिथेच राहिला. तिथे नवरा दाराबाहेर बसे. आजही मूल होत नाही म्हटले की जोडपे स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच जाते, आणि खुर्चीवर आधी बसते ती बायको.

पुरुषाच्या शरीराविषयी बोलणे तर गुन्हाच ठरत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या मासिकात वाचक आपल्या शरीराविषयी खुले प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत, हे मला त्याहून मोठे वाटते. त्या प्रश्नोत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. मराठी पुरुषाला स्वतःच्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याची जागा एका माणसाने दिली होती, आणि त्याची किंमत त्याने न्यायालयात मोजली.

आज काय कळते

आता थोडे आजचे. वर्षभर कोणतेही साधन न वापरता गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी, असा जगभरचा नियम आहे; बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की जगात दर सहा माणसांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी या अडचणीला तोंड द्यावे लागते. म्हणजे ही कुठल्या शापाची किंवा पितृदोषाची गोष्ट नाही. मधुमेहासारखी ती घरोघरी आहे.

बाईकडची मुख्य कारणे अशी. बीजांड वेळेवर न सुटणे, त्यात अंडाशयात बारीक गाठींसारखे दिसणारे आणि पाळी लांबवणारे संप्रेरकांचे दुखणे येते, तसेच थायरॉइडचे विकारही येतात. गर्भनलिका बंद होणे हे दुसरे कारण. जननेंद्रियांचे संसर्ग, अस्वच्छ बाळंतपण वा गर्भपात यांमुळे ते होते, आणि आपल्या देशात त्याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. फुप्फुसाला काही न होता तो गर्भनलिकांत मुकाट्याने बसतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक बाहेर वाढणे हे तिसरे. त्यात पाळीच्या वेळी भयंकर दुखते, आणि ‘बायकांना दुखतेच’ म्हणून ते वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. जुन्या काळची काकवंध्या बहुधा पहिल्या बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाने तशी झालेली असावी. सुईणीचा न धुतलेला हात आणि तेरा-चौदा वर्षांची आई यांच्यामुळे जे घडले, त्याला आपण नशीब म्हणालो.

पुरुषाकडची कारणे : शुक्राणू कमी असणे, नसणे किंवा त्यांची हालचाल मंद असणे, वृषणाच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेले गालगुंड वृषणांत उतरणे, वीर्यवाहिनी जन्मतःच नसणे किंवा संसर्गाने बंद होणे, लहानपणी वृषण खाली न उतरणे, तंबाखू, दारू आणि शरीर कमावण्यासाठी घेतलेली संप्रेरके. पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा बायकोच्या कारणाबरोबर, साधारण निम्म्या जोडप्यांत सापडते. काही जोडप्यांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, हेही खरे.

या सर्वांत सगळ्यात सोपी तपासणी पुरुषाची आहे. दोन ते सात दिवसांच्या अंतराने वीर्याचा नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पाहायचा. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे मिलीलिटरला दीड कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा धरली होती. अहवाल कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि मध्यंतरीच्या तापानेही आकडा खाली जातो. बाईची तपासणी म्हणजे रक्त, सोनोग्राफी, नलिकांचे दुखणारे छायाचित्र, कधी भूल देऊन पोटातून घातलेली दुर्बीण. शहाण्या माणसाने सोपे आधी करावे. आपण उलट करतो. सून सहा डॉक्टर पालथे घालते, दुर्बीण होते, औषधे होतात. आणि मुलाचा नमुना मागितला की सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात तसले काही नाही.

उपचारांतही हा तिरपेपणा उतरला आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये शरीराबाहेर फलन झालेले पहिले बाळ जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ते साधले. त्यांच्या हयातीत कोणी मानले नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवले. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून बातमी आली की एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडून गर्भ राहू शकतो. ज्यांच्या वीर्यात फारच कमी शुक्राणू आहेत अशा पुरुषांना त्याने बाप केले, ही मोठीच गोष्ट झाली. पण दोष नवऱ्याचा असला तरी रोजची इंजेक्शने घेते बायको, बीजांडे काढताना भूल घेते बायको, आणि प्रयत्न फसला की शेजारणीच्या प्रश्नांना उत्तरेही तीच देते. म्हणून निदान खरे व्हावे, आणि झालेले निदान घरात खरे सांगितले जावे. नवऱ्याची इभ्रत राखण्यासाठी स्वतःवर दोष घेणाऱ्या बायका आजही आपल्या ओळखीच्या घरांत आहेत.

वंशावळी लिहिताना

शेवटी एक विनंती. दूर आलेल्या आपल्या घरांनी मूळ गावाशी नाते टिकवले ते कुलवृत्तांत आणि वंशावळी जपून. हल्ली पुष्कळ घरांत त्या नव्याने लिहिल्या जात आहेत, चांगली गोष्ट आहे. त्या लिहिताना जिथे फांदी थांबते तिथे ‘निपुत्रिक’ किंवा ‘निर्वंश’ एवढेच लिहून पुढे जाऊ नका. मुली झाल्या असतील तर त्यांची नावे लिहा. मुले लहानपणी गेली असतील तर तसे लिहा. लग्नाच्या वेळी बाई किती वर्षांची होती ते माहीत असेल तर लिहा. दोन-तीन लग्ने होऊनही मूल झाले नसेल, तर त्या सगळ्या बायकांची नावे एकाखाली एक लिहा. वाचणारा समजून घेईल. मूल दत्तक असेल तर ते अभिमानाने लिहा. सयाजीराव दत्तक होते, जयाजीराव दत्तक होते, आणि रक्ताच्या वारसांनी केले त्यापेक्षा त्यांनी कमी केले असे कोणी म्हणणार नाही.

आणि आज आपल्या घरात एखादे तरुण जोडपे या वाटेवर असेल, तर त्याच्यासाठी या इतिहासातून एवढेच काढायचे : दवाखान्यात दोघांनी एकत्र जावे, आणि पहिला नमुना मुलाने द्यावा. नारदाने सांगितलेली परीक्षा आपण विसरलो होतो. आज ती करायला एक बाटली आणि एक तास पुरतो. सुनेला पिंपळाभोवती फिरवण्याआधी तेवढे व्हावे.